हातभर अंतरावरची ऊब

या मित्रांनो, जवळ या. अगदी तोंडासमोर नको, जरा बाजूला बसा. माझा श्वास कढत असतो. एका पांढऱ्या गणवेशाची गोष्ट सांगतो, कान देऊन ऐका.

मी एक जुना डबा आहे, एसीचा, गॅलरीत राहणारा. माझा जुळा भाऊ आत भिंतीवर बसून गार वारा घालतो आणि शाबासकी घेतो. खोलीतली उष्णता बाहेर टाकायचं काम माझं, म्हणून शेजारीण मला ‘भट्टी’ म्हणायची. सात वर्षं मी माझी ऊब नुसती उधळत होतो.

आणि मग तो दिवस उजाडला! चार दिवस उन्हाचा पत्ता नव्हता. घरातली लेक नुकतीच नर्स झालेली. दुपारी तीनला तिची पहिली ड्यूटी. गणवेश एकच, आणि एक वाजला तरी दोरीवर ओलागच्च! लेक रडकुंडीला आली. तिची आत्या कपडे चाचपत माझ्यासमोर आली नि थबकली. तिनं तळहात पुढे धरला.

"अगं बाई, देवाची एवढी ऊब इथे फुकट चालली आहे!"

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पण घाईघाईत आत्यानं गणवेश थेट माझ्या जाळीवरच बांधला. श्वास कोंडला, अंग तापलं, मी बंद पडलो. आत झोपलेला आत्याचा धाकटा भाऊ घामाघूम होऊन बाहेर आला.

"ताई, नाकच दाबलंस की त्याचं. हातभर लांब टांग."

पण टांगणार कुठे? समोर ना खिळा, ना दोरी. आत्यानं गणवेश हँगरला लावला, हँगर झाडूच्या दांड्याला बांधला आणि दांडा धरून स्वतःच उभी राहिली. मीही दम घेऊन पुन्हा घुमू लागलो. ती देवाचं नाव गुणगुणत होती, मी मागून सूर धरला होता. भावानं विचारलं, हात दुखत नाहीत का?

"तू तेवढा एसी बंद करू नकोस, बाकी मी बघते."

तास-सव्वा तास ती हलली नाही. अडीचला गणवेश खडखडीत वाळला! लेकीनं तो चढवला, आत्याचे भरून आलेले दंड चोळले आणि निघता निघता माझ्या डोक्यावरची धूळ हातानं पुसली. सात वर्षांत पहिल्यांदा!

आता माझ्यासमोर हातभर अंतरावर दांडी बसवली आहे. शेजारीणसुद्धा ओल्या चादरी घेऊन येते, आणि भट्टी म्हणत नाही.

मित्रांनो, माझी जाळी झाडत जा, नाक मोकळं ठेवा. मला विसरलात तरी चालेल. पण कोरडा, ऊबदार कपडा अंगात घालाल, तेव्हा दांडा धरून उभ्या राहिलेल्या त्या आत्याची आठवण काढा.