मागची सीट

कुंदाने टॉर्च तिरका धरला आणि सायलेन्सर काढल्यावर उघड्या पडलेल्या तोंडातून इंजिनात डोकावून पाहिलं. पिस्टनच्या एका अंगाला बारीक उभे चरे होते. मांजराने नखं ओढावीत तसे.

"हे कधीचे?"

"जुनेच आहेत," दीनानाथ म्हणाला. "इंजिन आलं तेव्हापासूनचे."

त्याने फडक्याला हात पुसले. तिच्याकडे मात्र पाहिलं नाही.

इंजिन फिनलंडहून आलं होतं, बर्फावरून धावणाऱ्या एका जुन्या स्नोमोबिलमधून काढलेलं. न्युरेम्बर्गच्या बाहेर एका शेतकऱ्याचं रिकामं कोठार भाड्याने घेऊन दीनानाथने ते आपल्या जायरोप्लेनला बसवलं होतं. डोक्यावर वाऱ्याने फिरणारं लांब पातं, पाठीमागे ढकलणारा पंखा, आणि एकामागे एक दोन उघड्या सीट्स. त्यांची मुलगी तनया शिकायला हॅनोव्हरला गेली, घर एकदम शांत झालं, त्या हिवाळ्यात त्याने या विमानाच्या सांगाड्याची पहिली नळी कापली होती. तेव्हापासून शनिवारी डबा घेऊन कोठारात जायचं कुंदाच्या अंगवळणी पडलं होतं.

ती स्वतः पंपांच्या कारखान्यात टिकाऊपणाच्या चाचण्या घ्यायची. एखादी वस्तू मोडेपर्यंत चालवायची आणि ती का मोडली ते शोधायचं, हे तिचं रोजचं काम. त्यामुळे या इंजिनाबद्दल तिला जे वाटायचं ते नुसतं बायकोचं भय नव्हतं.

"बर्फात कुणी पूर्ण जोर लावून अर्धा तास चालवत नाही हो," तिने पूर्वी सांगून पाहिलं होतं. "वळण आलं की हात सैल होतो, वर अंगावर बर्फ उडून थंडावा मिळतो. हवेत ते सतत ओढत राहणार. एक सिलिंडर तापला की पिस्टन जागच्या जागी अडकून बसतो. आधी सूचनासुद्धा देत नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणून तर मोठा रेडिएटर लावलाय. दुसरं इग्निशन लावलंय."

"आणि तरीही बंद पडलं तर?"

"वरचं पातं फिरत राहतं. सावकाश खाली येतो आपण."

"उंचावर असलात तर. झाडांच्या शेंड्यांशी असताना बंद पडलं तर?"

यावर तो हसायचा. तपासनीस येऊन गेला होता, एकट्याने उडायच्या चाचण्या झाल्या होत्या, एकदाही ते खोकलं नव्हतं. विमानासाठीच बनवलेलं इंजिन घ्या असं म्हटलं, की तो म्हणायचा, "तयार आणून कुणीही उडेल." तो उडायचा तेव्हा ती धावपट्टीच्या कडेला उभी राहायची आणि आवाज ऐकत राहायची. त्या दिवशी घरी गेल्यावर तिला जेवण जायचं नाही.

आता तिने टॉर्च बंद केला.

"उद्या मी मागे बसते," ती म्हणाली.

तिला वाटलं होतं, तो गप्प होईल, काहीतरी कारण काढेल, आणि मग तिला बोलता येईल. पण दीनानाथचा चेहरा असा उजळला, की तिलाच खाली बघावं लागलं.

"खरंच? मला वाटलं होतं तू कधीच म्हणणार नाहीस. ती सीट तुझ्या मापानेच केलीय."

संध्याकाळी तनयाचा फोन आला. "डू आउख, आई?" तिने विचारलं. तू पण उडणार? कुंदा "हो" म्हणाली आणि कणीक मळायला लागली.

रविवारी ऊन चांगलं पडलं होतं. गवताच्या धावपट्टीच्या टोकाला काळपट हिरवी सूचीपर्णी झाडं एका ओळीत उभी होती. दीनानाथने तिला हेल्मेट घातलं, हनुवटीखालचं बक्कल लावलं, खांद्यावरचे पट्टे ओढून पाहिले. ती सीट खरोखरच तिच्या मापाची होती. पाय नेमके टेकत होते.

इंजिन सुरू झालं. कर्कश आवाज पाठीच्या कण्यातून वर चढला. कुंदाने डोळे उघडे ठेवायचं ठरवलं होतं. समोर त्याची पाठ होती, निळ्या जॅकेटमधली, जरा वाकलेली. ते धावपट्टीवर आले, वरचं पातं फिरू लागलं. त्याने मागे वळून तिचा पट्टा ओढून पाहिला. पुन्हा समोर बघितलं. पुन्हा वळला, पुन्हा पट्टा चाचपला. तिसऱ्यांदा वळला तेव्हा त्याचा हात पट्ट्यावरून तिच्या गुडघ्यावर आला आणि तिथेच राहिला.

मग त्याने इंजिन बंद केलं.

पातं बराच वेळ फिरत राहिलं, मग हळूहळू थांबलं. शेतावर पक्ष्यांचा आवाज ऐकू यायला लागला.

"काय झालं?"

"काही नाही." तो समोरच बघत होता. "एकटा असतो तेव्हा एकदाच तपासतो मी." थोडं थांबून म्हणाला, "ते चरे जुने नाहीत, कुंदा. मागच्या महिन्यात नव्हते."

तिने मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"हे इंजिन उतरवतो. दुसरं बघू. विमानाचंच."

"बघू."

हेच ऐकायला ती आली होती. आता छातीवरचं ओझं उतरायला हवं होतं. पण ते उतरलं नाही, आणि का ते क्षणभर तिला कळेना. समोर धावपट्टी उन्हात पसरली होती आणि झाडांच्या वर आभाळ अगदी मोकळं होतं.

दीनानाथने आपला पट्टा सोडला. "चल, उतरू या."

"थांबा ना जरा." तिने हेल्मेटची काच वर केली. "आपलं घर दिसलं असतं का हो वरून?"

तो अर्धवट वळला. मग पुन्हा नीट बसला आणि हात लांब करून दाखवू लागला.

"आधी ती झाडं पायाखालून गेली असती. मग तो कालवा. कालव्याच्या कडेकडेने गेलो असतो, चर्चचा मनोरा येईपर्यंत."

"आणि मग?"

"मग डावीकडे वळलो असतो. वळताना जरा कलतं ते."

"सावकाश वळा," कुंदा म्हणाली, आणि तिने डोळे मिटून घेतले.