बोलाल तरच फासा

रविवारी चर्चहून मोनिका आणि तिचा मावसभाऊ सायमन घरी परतले, की भिंगारच्या त्यांच्या ओसरीत 'काळखिंड'चा डाव बसायचा. या खेळात पट नाही, सोंगट्या नाहीत. मोनिका गोष्ट सांगायची, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं व्हायचे आणि प्रसंग अवघड आला की फासा टाकायचे. धनश्री तलवारबाज होती, सायमन चोर. राहुरीहून एसटीने येणारा गहिनीनाथ राजाचा दूत होता. त्याच्या गोड जिभेपुढे दरोडेखोरसुद्धा हत्यारं खाली ठेवत.

खरा गहिनीनाथ रोपवाटिकेत कलमं बांधायचा आणि बोलताना अडखळायचा. प, ब आणि म तर त्याच्या ओठांना आतून कडी लावून बसत. पण खेळात त्याचं काही अडत नसे. त्याने नुसता फासा उचलायचा, आकडा चांगला पडला की दुताचं भाषण मोनिकाच रंगवून सांगायची. गेली काही वर्षं आठवड्यातून एक दुपार तो असा सगळ्यांत बोलका माणूस होत होता.

मग खेळाच्या नियमांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती आली. जाड पुठ्ठ्याची, रंगीत चित्रांची. तिच्यात एक नियम बदलला होता: कुणाला पटवायचं असेल तर आधी ते आपल्या तोंडाने बोलून दाखवायचं. बोलाल तरच फासा.

"काय मजा येईल!" धनश्रीने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं. "आता खरं नाटक होईल."

गहिनीनाथने भलंमोठं उत्तर टाईप केलं. चित्रं भडक आहेत, नियम पसरट आहेत, खेळ रेंगाळेल, जुनीच आवृत्ती बरी. टाईप करताना तो कधी अडत नसे.

"म्हाताऱ्यासारखा काय कुरकुरतोस रे?" सायमनने लिहिलं आणि हसरे चेहरे टाकले.

पुढच्या रविवारी गहिनीनाथ गेला नाही, त्याच्या पुढच्याही. कलमांचं काम आहे, असं त्याने कळवलं.

एका संध्याकाळी मोनिका राहुरीत त्याच्या दारात उभी राहिली. तो घाईघाईने हात धुवायला मागे गेला. तेवढ्यात त्याची आई, रंगुबाई, तिला पाणी देत म्हणाली, "बरं झालं आलीस, पोरी. त्या नव्या पुस्तकात म्हनं तोंडानं बोलावं लागतंय. तवापासून गप झालाय बघ."

मोनिकाच्या हातातला पेला तसाच राहिला. हे सगळं मागच्या दारातून गहिनीनाथला ऐकू आलं, आणि आता पळून जावं तरी कुठं, असं त्याला झालं.

तो बाहेर आला तेव्हा मोनिका म्हणाली, "माझ्या डोक्यातच आलं नाही रे. आपण जुन्याच नियमांनी खेळू."

"नको. ध-धनश्रीला आवडलाय नियम. सायमनलाही. माझ्यासाठी ब-ब..." तो थांबला. तिने वाट पाहिली. "बदलू नका."

"मग तू ये आणि बोल."

"अर्धा तास लागेल."

"लागू दे की. रविवार कशासाठी असतो?"

रविवारी तो गेला. त्या दिवशीच्या गोष्टीत नदीवरच्या पुलाची राखण एक म्हातारी करत होती आणि ती कुणालाच सोडत नव्हती. सगळ्यांनी दुताकडे पाहिलं. गहिनीनाथ सावरून बसला.

"आजी," तो म्हणाला. "प... प..."

ओठ चिकटले ते सुटेनात. शेजारी बसलेल्या सायमनला राहवलं नाही. "पूल," तो मदतीला धावला.

"तू कोण रे मधे बोलणारा?" मोनिकाने म्हातारीच्या घोगऱ्या आवाजात सायमनला झापलं. "मी या पाहुण्याचं ऐकतेय. मला कुठं जायचं नाही. बोल बाबा."

सायमन ओशाळला. समोरच्या कपांतल्या चहावर साय धरली. गहिनीनाथने डोळे मिटले, श्वास घेतला आणि पुन्हा सुरुवात केली.

"प-पूल तुमचाच आहे, आजी. आम्ही तो मागत नाही. पण रात्रंदिवस तुम्ही इथं एकट्या. येणारा प्रत्येक जण वाट म-मागतो. तुम्ही जेवलात का, हे क-कुणी विचारलंय?"

धनश्रीने हळूच फासा त्याच्यापुढे सरकवला. त्याने तो टाकला.

एक पडला. सगळ्यात वाईट दान.

"अरे देवा!" धनश्रीने कपाळावर हात मारला.

मोनिका अडचणीत आली. काय करावं, अशा नजरेने तिने त्याच्याकडे पाहिलं.

"नि-नियम म्हणजे नियम," तो म्हणाला आणि मोठ्याने हसला. "पडला तो फासा. मी नाही."

म्हातारीने पूल सोडला नाही. मात्र जाता जाता त्यांना भाकरी बांधून दिली. ते कुठल्याच आवृत्तीत लिहिलेलं नव्हतं.

संध्याकाळी मोनिका त्याला स्कूटरवरून नगरच्या स्टँडवर सोडायला आली. म्हातारीचा नवरा कोण असेल, ती पुलापाशी का बसली असेल, हे तो तिला सांगू लागला. एका शब्दावर तो बराच वेळ अडला. मोनिका त्याच्या तोंडाकडे शांतपणे बघत राहिली. राहुरीची एसटी लागली, भरली आणि निघूनही गेली. दोघांनीही ती पाहिली होती.

"मग?" मोनिका बाकावर सरकून जागा करत म्हणाली. "पुढं काय झालं?"