नवव्या फळीवरचे वल्हे

मित्रांनो, समोरच्या खुंटीवर जे जुने वल्हे टांगलेले दिसते आहे, ते मी. पाते तांबडे आहे, दांडा हातांच्या घामाने काळा पडला आहे. आज मला तुमच्यापाशी एक कबुली द्यायची आहे. मी तीन दिवस एका नव्या वल्ह्याचा जीव तोडून हेवा केला. ते मोडावे, पाण्यात पडून वाहून जावे, असे मी मनापासून चिंतले. असे चिंतणे वाईट हे मला तेव्हाही कळत होते. तरी चिंतले.

माझा जन्म दक्षिण चीनमधल्या एका खाडीकाठच्या गावात झाला. त्याआधी मी शेताच्या बांधावरचे पाणी अडवणारे लाकडी दार होतो. दार जुने झाले तेव्हा माक घराण्यातल्या एका म्हाताऱ्याने त्यातली चांगली फळी निवडली, तासली, घासली आणि मला घडवले. ज्याने जन्मभर पाणी अडवले, त्याला पाणी मागे लोटायला शिकवले. म्हाताऱ्यानंतर मी त्याच्या मुलाच्या, म्हणजे चुंगकाकांच्या हाती आलो. त्यांच्या हातात मी चाळीस वर्षे काढली.

आमच्या गावाची नाव लांबच लांब आहे. पुढे नागासारखे मस्तक, मध्ये ढोल, आणि वल्ही मारायला छत्तीस माणसे. वर्षभर ती खाडीच्या चिखलात पुरलेली असते. उघड्यावर ठेवली तर लाकूड तडकते, चिखलात ते गार आणि घट्ट राहते. सणाआधी तिला उकरून काढतात, धुतात, शर्यतीला नेतात, आणि सण सरला की पुन्हा पुरतात. नावेतली प्रत्येक जागा एकेका घराची आहे. नवव्या फळीची डावी जागा माकांची. नाव वर निघाल्यापासून पुन्हा पुरेपर्यंत त्या जागेवर त्या घराने धाडलेला माणूस बसला पाहिजे. एकदा जरी जागा रिकामी राहिली, तर ती जागेसाठी रांगेत थांबलेल्या पुढच्या घराकडे जाते. तीन पिढ्या आमची जागा कधी रिकामी राहिली नव्हती.

ढोल वाजवणारे फातदादा म्हणायचे, "चुंगचं वल्हं ऐकू येत नाही. पाणी मागे जाताना तेवढं दिसतं." हे ऐकले की माझा दांडा ताठ व्हायचा.

चुंगकाकांना मुलगा नाही. साउलिन ही एकच मुलगी. सणाच्या आधी मला तेल चोळायचे काम लहानपणापासून तिचे. तेल चोळून झाले की ती अंगणातल्या स्टुलावर बसायची, मला हातात घ्यायची आणि हवेत वल्ही मारायची. तिचा हात थेट बापासारखा होता. पण नावेत बाई बसत नाही. बसली तर नाव जड होते, असे म्हातारे सांगत. किती जड होते ते कोणी मोजले नव्हते.

मागच्या हिवाळ्यात चुंगकाकांना झटका आला. उजवा हात गेला, बोलणेही अर्धे गेले. त्या दिवसापासून मी या खुंटीवर आहे. त्यांचा डावा हात मला पेलत नाही. एकदा त्यांनी मला काढून पाहिले, मी धाडकन खाली पडलो, आणि ते बराच वेळ माझ्याकडे पाहत बसले. पुन्हा हात लावला नाही.

सण जवळ आला तशी शेजारच्या घरचा यिउजोंग येऊन अंगणात डोकावू लागला. रांगेत पुढचे घर त्याचे.

"काका, यंदा नवव्या फळीवर कोण बसणार? नाही, आपलं सहज विचारतोय."

"सहज विचारायला रोज येतोस?" शहरात शाळेत नोकरी करणारी साउलिन त्या रविवारी घरी आली होती, ती म्हणाली. "माणूस येतोय आमचा."

माणूस आला तो शहरातल्या तिच्या शाळेतून. तिथे तो इंग्रजी शिकवतो. आयर्लंडचा, नाव फिनबार, पण मुले त्याला फान मास्तर म्हणतात. सणाची तीन दिवसांची सुट्टी होती. बसमधून उतरला तो दारात वाकूनच आत शिरला, एवढा उंच. पाठीवर पिशवी, आणि पिशवीतून डोके बाहेर काढलेले एक काळे, गुळगुळीत, चकाकणारे वल्हे.

"मी नवीन घेतलं," तो अभिमानाने म्हणाला. "फार हलकं आहे. पाहा, एका बोटावर!"

आणि खरेच त्याने ते एका बोटावर तोलून दाखवले. सगळे हसले. चुंगकाकाही अर्ध्या तोंडाने हसले. मित्रांनो, माझ्या पात्यापासून दांड्यापर्यंत आग झाली. मला वाटले होते की तो मलाच उतरवून घेईल. माकांच्या फळीवर परक्या दुकानातले वल्हे!

साउलिनने त्याला स्टुलावर बसवले आणि शिकवले. "खांद्याने नाही, मास्तर. कमरेतून. आधी वाका, मग पाणी धरा. घाई कुणाची?"

"ढोलाची," तो म्हणाला.

"ढोल घाई करत नाही. तुम्ही करता."

पहिल्या दिवशी सराव झाला. काठावरचे मी सांगतो ते नंतर अंगणातल्या गप्पांत ऐकलेले. मास्तर डावीकडे बसताच नाव डावीकडे कलली. फातदादांनी डोके खाजवले आणि जेवणासाठी आणलेले तांदळाचे पोते उजवीकडे ठेवायला सांगितले. नाव सरळ झाली, पण पाणी उडून पोते भिजले. संध्याकाळी स्वयंपाकाच्या बायका ओरडल्या, "तुमचा मास्तर बसला आणि आमचा भात खाडीतच शिजायला लागला!" मास्तर चारचारदा वाकून त्यांची माफी मागत राहिला, तशा त्या आणखी हसल्या.

संध्याकाळी मास्तर हातावर पट्ट्या बांधत बसला होता. साउलिन तेलाच्या फडक्याने नव्या वल्ह्यावरचा चिखल पुसत होती. माझे तेल नव्या वल्ह्याला! 

"तू इतकं छान शिकवतेस," तो म्हणाला, "तूच का नाही बसत?"

तिने पुसणे थांबवले नाही. "मास्तर, एक खरं सांगू? आज काठावरून तुम्हाला माझ्या बाबांच्या जागी पाहिलं, तर पोटात दुखलं माझ्या. शिकवलं मी. बसलात तुम्ही."

तेव्हा मला पहिल्यांदा कळले की या घरात जळणारा मी एकटा नाही.

दुसऱ्या दिवशी शर्यत. मी घरीच होतो. ढोल मात्र ऐकू येत होता, आणि प्रत्येक ठोक्याला माझा दांडा खुंटीवर थरथरत होता. सात नावांत आमची चौथी आली. बक्षिसाचे भाजलेले डुक्कर पलीकडच्या गावाने नेले. तरी मास्तर लाल चेहऱ्याने नाचत आला. फातदादा त्याच्या पाठीवर थापा मारत होते. "सुरुवातीला नुसतं पाणी उडवत होता, पण शेवटी बरा मारला! या वल्ह्यातही दम आहे हं."

या वल्ह्यात. चाळीस वर्षांचे माझे कौतुक त्यांनी एका दुपारीत दुसऱ्याला देऊन टाकले.

आणि मग सर्वांत वाईट गोष्ट घडली. चुंगकाकांनी डावा हात पुढे केला. मास्तरने नवे वल्हे त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते उचलले. मित्रांनो, त्यांना ते उचलता आले! स्टुलावर बसून त्यांनी हवेत एक वल्हे मारले, मग दुसरे, मग तिसरे. डोळ्यांतून पाणी येत होते, तरी काका थांबत नव्हते. मी खुंटीवरून पाहिले. मला लाज वाटायला हवी होती. मला फक्त हेवा वाटला.

तिसऱ्या दिवशी नाव पुरायची होती. हे काम नेहमी सकाळी होते, म्हणून साउलिनने मास्तरचे बसचे तिकीट दुपारचे काढले होते. दुसऱ्या सकाळी शाळा होती. पण सकाळी खाडीत गुडघाभरही पाणी नव्हते. नाव हलेचना.

"भरतीचं कॅलेंडर पाहिलं नव्हतंस?" फातदादा म्हणाले. "शहरात राहून चंद्रच विसरलीस का गं?"

साउलिनचा चेहरा उतरला. घरात कॅलेंडर भिंतीवर होते, अगदी माझ्या शेजारी. तिने ते पाहिले नव्हते आणि मला बोलता येत नव्हते.

मास्तर बस सोडायला तयार होता, पण शाळेने आणखी सुट्टी दिली नसती, हे तिलाच जास्त ठाऊक होते; स्वतःसाठी एक जादा दिवस तिने बाबांचे कारण सांगून आधीच मागून घेतला होता. जाताना त्याने नवे वल्हे चुंगकाकांच्या मांडीवर ठेवले. "हे इथेच बरं आहे," म्हणाला. बस गेली. तासाभराने पाणी चढले.

पस्तीस माणसे नावेत बसली. नववी फळी डावीकडे रिकामी. काठावर अख्खे गाव उभे होते. यिउजोंगने बाह्या सरसावल्या.

"दादा, नियम नियम आहे. बसू ना?"

फातदादांनी काठावर पाहिले. "चुंग, तुमच्या घरचं कोण आहे?"

साउलिन वळली आणि घराकडे धावली. तिने मला खुंटीवरून ओढले. किती महिन्यांनी! तिच्या हाताला घाम सुटला होता. धावत परत येऊन तिने पायातली चप्पल काठावर टाकली आणि ती नवव्या फळीवर जाऊन बसली.

"मी आहे घरची."

"अगं, बाई नावेत..." एक म्हातारा सुरू झाला.

"नाव चिखलात बुडवायलाच चाललीय, आजोबा," ती म्हणाली. "जड झाली तर बरंच आहे की!"

नावेत कोणीतरी खुदकन हसले, पण फातदादा हसले नाहीत. ढोलाच्या काठ्या हवेतच राहिल्या. यिउजोंगचा एक पाय नावेत होता.

तेवढ्यात काठावरून ठक असा आवाज आला. चुंगकाका खुर्चीत बसून नव्या वल्ह्याचा दांडा दगडावर आपटत होते. ठक. ठक. मग दोन जलद, ठक-ठक. शर्यत सुरू करायचा तो ठेका होता. तोंडाने बोलता येत नव्हते, पण हा ठेका त्यांना पूर्ण येत होता.

चाळीस वर्षे त्या ठेक्यावर ढोल वाजवलेले फातदादांचे हात खाली आले. सवयीने की मनाने, ते मला आजही ठाऊक नाही. ढोल वाजला. आणि एकदा ढोल वाजला की नावेत कोणी बोलत नाही, आणि बसलेला उठत नाही. यिउजोंगने पाय मागे घेतला. साउलिन बसलेली होती.

तिने आधी वाकून मग पाणी धरले. माझा आवाज झाला नाही. पाणी मागे जाताना तेवढे दिसले. पुरायच्या जागेपर्यंतचे अंतर जेमतेम दोनशे हात असेल. माझ्या उभ्या आयुष्यातली ती सर्वांत छोटी फेरी. काठावरून नवे वल्हे ठेका धरत होते आणि मी त्यावर चालत होतो. मला तेव्हाही थोडा हेवा वाटला. ते त्यांच्या हातात होते. पण मी त्यांच्या लेकीच्या हातात होतो.

आता मी पुन्हा खुंटीवर आहे. नवे वल्हे खुर्चीपाशी उभे असते, रोज दोनदा ते काकांच्या हातात जाते. साउलिन सुट्टीला येते तेव्हा आम्हा दोघांनाही तेल चोळते. पुढच्या सणाला नववी फळी कोणाची, हे गावात अजून कोणी बोललेले नाही. यिउजोंगही विचारायला येत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणीतरी जुने टांगलेले असेल. त्याला नमस्कार करू नका, हार घालू नका. महिन्यातून एकदा खाली काढा, थोडे तेल लावा आणि ज्याला कधी हात लावू दिला नाही, त्याच्या हातात ते द्या. आम्ही लाकडे हाताने जगतो. आणि भरतीचे कॅलेंडर मात्र वेळेवर पाहत जा.