भिंगकाकांचे तारे

माझ्या जिभेला हाड नाही, असं घरचे म्हणतात. ऑफिसातलेही म्हणतात, फक्त माझ्या पाठीमागे. म्हणूनच साहेबांनी हे काम माझ्या गळ्यात मारलं असावं.

"टेकडीवर जा आणि भिंगकाकांच्या वह्यांचा सोक्षमोक्ष लाव," ते म्हणाले. "चूक कुठल्या दिवसापासून आहे ते कळलं, तर तेवढीच पानं बाद करू. नाही कळलं, तर एकतीस वर्षांच्या सगळ्या वह्या रद्दीत."

भिंगकाका म्हणजे हवामान खात्याचे टेकडीवरचे निरीक्षक. गळ्यात कायम दोरीला बांधलेलं भिंग, म्हणून हे नाव. बर्फ पडायला लागला की काळ्या मखमलीची पाटी घेऊन बाहेर उभं राहायचं, तिच्यावर पडलेले कण भिंगातून बघायचे आणि वहीच्या रकान्यात त्यांचा आकार काढायचा, हे त्यांचं काम. मी ते त्यांच्याच हाताखाली शिकले. माझी धांदल बघून त्यांनी पहिल्याच दिवशी माझं घाईबाई असं बारसं केलं, आणि एकच नियम सांगितला: दिसलं ते काढ, नाही दिसलं तर सरळ 'दिसलं नाही' असं लिही. त्यात लाज कसली?

आणि चूक पकडली मीच. धुळीच्या बारीकशा कणावर वाफ गोठते, तिथून सगळं सुरू होतं. पाणी गोठताना सहा कडांचीच रचना धरतं, म्हणून जन्माला प्रत्येक कण सारखाच, इवलीशी षटकोनी चकती. पुढे काय व्हायचं ते ढग ठरवतो. उणे पंधरा अंशांच्या आसपास भरपूर ओल मिळाली तर कोपरे भराभर पुढे जातात, त्यांना फांद्या फुटतात आणि तारा होतो. उणे सहाच्या आसपास तीच चकती लांब वाढत सुटते आणि सुई होते. वाटेत हवा बदलली की आकार बदलतो, आणि दोन कणांची वाट कधी तंतोतंत एक नसते. ढग किती गार आहे ते खालून कळत नाही, ते आमचे फुगे वर जाऊन मोजतात. फुगे सांगत होते उणे सहा, आणि काकांच्या वहीत तारे. एकदा नाही, दर वेळी. हे मी भर बैठकीत बोलून गेले. बोलल्यावर जीभ चावली, पण बाण सुटला होता.

दार काकूंनी उघडलं. "घाईबाई आलीय हो! निळा कोट घातलाय. वाळलीय जरा. आता बूट काढतेय," त्या आतल्या बाजूला तोंड करून म्हणाल्या. काकू एरवी मितभाषी. दिवसाला दहा शब्द बोलल्या तर त्यातले चार मांजराशी. मी मनात म्हटलं, वयानुसार माणूस बडबडं होतं, माझी तर सुरुवातच तिथून झालीय.

काका टेबलाशी बसले होते. "ये गं. तपासायला आलीस ना?"

मी हो म्हणाले. पुढचं बोलायला धीर होईना, आणि तेवढ्यात बाहेर बर्फ सुरू झाला. काका टुणकन उठले. पाटी घेतली, मीही मागोमाग गेले. पाच मिनिटं आम्ही अंगणात उभे होतो. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, मान डोलावली, आत येऊन वही उघडली. काकूंनी त्यांचं बोट अलगद रकान्यावर नेऊन ठेवलं.

ते काढू लागले. काय सुरेख हात! एक फांदी, दुसरी, तिसरी, सगळ्या एका मापाच्या. मी माझ्या बाहीकडे पाहिलं. निळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे सांडावेत तशा बारीक सुया पडल्या होत्या. तारा एकही नव्हता. काकूंनीही माझ्या बाहीकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. दारातल्या त्या बडबडीचा अर्थ मला तेव्हा कळला. मला स्वतःचा भयंकर राग आला.

"काका, माझ्या बाहीवर सुया आहेत."

पेन्सिल पाचव्या फांदीवर थांबली. काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुम्हीच तर सांगायचात, 'दिसलं नाही' म्हणून लिही," मी म्हणाले. आवाज चढला होता माझा. "मग हे कशाला?"

"सांगणं सोपं असतं गं," काका म्हणाले. "पहिल्या दिवशी वाटलं, उद्या दिसेल. दुसऱ्या दिवशीही तेच. मग कोरा रकाना बघवेना. हाताला तारा पाठ होता, त्याने काढला."

मी साहेबांचं म्हणणं सांगितलं. एकतीस वर्षं रद्दीत, हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा पडला. पण ते उठले, फळीवरच्या वह्यांवरून हात फिरवत शेवटच्या आधीची वही काढून माझ्यापुढे ठेवली. "मागचा हिवाळा. तिसरा बर्फ. बघ."

मी तिची आणि तिच्या आधीच्या वह्यांची पानं उलटली. त्या दिवसापर्यंत नुसता गोंधळ होता: मोडक्या चकत्या, एक हात आखूड राहिलेला तारा, एकमेकांना चिकटलेल्या सुया, कडेला 'ओळखू येत नाही', 'वितळला'. खरं असतं ते असंच ओबडधोबड असतं. आणि तिसऱ्या बर्फापासून पुढे सगळे तारे, एकापेक्षा एक देखणे. शंकेला जागाच नव्हती. जवळजवळ तीस वर्षं वाचली होती. पण हे साहेबांना दाखवायचं, म्हणजे काकांची नोकरी संपली.

"पेन दे," काका म्हणाले.

"मी लिहिते की."

"खोटं मी काढलंय. खोडणार मीच."

काकू बोट रकान्यावर नेत होत्या आणि ते एकेक तारा खोडून पुढे लिहीत होते, 'दिसलं नाही'. त्रेचाळीस वेळा. अक्षर ओळ सोडून चाललं होतं, दोनदा पानाबाहेर टेबलावरही गेलं. मला रडू फुटलं, आणि मी ते लपवलं नाही. लपवायला समोर बघणारं होतं कोण? काकू तर स्वतःच रडत होत्या.

शेवटी आजचं पान आलं. पाच फांद्यांचा अर्धवट तारा त्यांनी खोडला, आणि थांबले.

"हा कशाला कोरा ठेवायचा? तुला दिसलंय ना? जा, परत बघून ये. नीट बघ, घाई नको."

मी बाहेर जाऊन आले. सुयाच होत्या, एक मोडकी. मी काढल्या, वाकड्यातिकड्या. खाली निरीक्षकाच्या सहीची जागा होती. एकतीस वर्षं तिथे एकच सही होती, आणि माझा हात तीच सही गिरवायला निघाला.

"कुणाची करतेयस?" काकांनी विचारलं.

मी पेन उचललं आणि माझी केली.

"माझी."

"बरोबर," ते म्हणाले, गळ्यातलं भिंग काढलं आणि माझा हात चाचपडून त्यात ठेवलं.