खलास

“माणसं गिळून ढेकरसुद्धा देत नाही तुम्ही लोक!” तिने खिडकीच्या गजांवर मूठ आपटली. “नीट सांगा. काय झालं जहाजाचं?”

गजांआडच्या कारकुनाने आधी कपबशी सुरक्षित जागी सरकवली, मग वर पाहिलं. बरीच वर्षं तो कंपनीच्या त्याच खिडकीत बसत होता, पण खलाशांच्या बायकांनी त्याला छातीखाली कधी पाहिलं नव्हतं. आपसात त्या त्याला ‘अर्धा साहेब’ म्हणत.

“सांगितलं ना बाई. पलीकडच्या बंदरातून निरोप आलाय. जहाज खलास. चला, पुढचे या.”

पुढे कुणीच नव्हतं.

ती पायऱ्या कशा उतरली ते तिला कळलं नाही.  त्या जहाजाचं मोठं शीड तिनेच शिवलं होतं, मेण लावलेल्या दोऱ्याने. खालच्या कोपऱ्याशी दाभण दोनदा अडलं होतं, आणि नवरा दारात उभा राहून “झालं का गं? भरती थांबायची नाही तुझ्यासाठी,” म्हणून चिडवत होता. घाईघाईत तिने गाठ मारून दोरा तोडला होता. तोच कोपरा उसवला असेल का? वारा आधी तिथूनच शिरला असेल का? रस्ताभर ती मनातल्या मनात तो कोपरा पुन्हा पुन्हा शिवत राहिली.

शेडमध्ये सासरे दोर वळत बसले होते. जन्म समुद्रावर काढून आता गुडघ्यांमुळे जमिनीला लागलेले.

“मामंजी, जहाज खलास झालं.”

त्यांचे हात थांबले. मग त्यांनी पीळ पायाच्या अंगठ्यात अडकवला आणि चक्क हसले.

“अगं, केवढं घाबरवलंस! खलास म्हणजे रिकामं. माल उतरला. भरलं की भरलं म्हणायचं, उतरवलं की खलास.”

“मला बरं वाटावं म्हणून सांगताय.”

“तुला बरं वाटावं म्हणून मी आजवर काय सांगितलंय? शब्द अरबी आहे तो. खलास म्हणजे सुटका, मोकळं होणं. जहाज मोकळं करतो तो खलाशी. जमिनीवरच्या माणसांनी त्या शब्दाचा मुडदा पाडला. तुझा नवरा त्याच शब्दावर पोट भरतोय, आणि तू त्यालाच घाबरतेस!”

ती मटकन खाली बसली. हसायला गेली आणि रडूच फुटलं. मग डोळे पुसता पुसता तिचं डोकं फिरलं.

“माल उतरला म्हणाला असता, तर जीभ झडली असती का त्या मेल्याची?”

“चल. परत कधी निघतंय तेही विचारू, आणि त्याची थोडी हजेरीही घेऊ.” मामंजींनी धुतलेला सदरा चढवला.

खिडकीशी गेल्यावर आवाज त्यांनीच चढवला. “काय हो, माझ्या सुनेचा जीव काढलात की! माल उतरला, असंच म्हणायचं होतं ना?”

“मग दुसरं काय?” अर्धा साहेबही हसला. “बाईंनीच अर्थाचा अनर्थ केला.”

“ऐकलंस?” मामंजी तिच्याकडे वळले. मग पुन्हा खिडकीकडे. “बरं, परत कधी निघतंय?”

“निघालंसुद्धा. तिकडचीच नवी माणसं घेऊन.”

“नवी? आणि आमची?”

“जुने खलाशी खलास.”

आवाज तोच, चहा पितानाचा. तिने मामंजींकडे पाहिलं. आता ते हसतील, याचाही अर्थ सांगतील, म्हणून ती थांबली.  त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“म्हणजे... कामावरून मोकळे केले?” त्यांनी विचारलं. मघाशी ते सांगत होते. आता विचारत होते.

“मला जेवढं कळवलं तेवढं मी सांगितलं.”

“मोकळे केले तर मग आहेत कुठे?”

“ते कंपनीकडे नसतं, आजोबा. माणूस एकदा कंपनीच्या जहाजावरून उतरला, की त्याचा तो.”

“आणि उतरलाच नसेल तर?”

“वेळ संपली,” असं म्हणत कारकून उठला आणि त्याने खिडकीची फळी खाली ओढायला घेतली. मामंजी दोन पावलं मागे सरले.   तिने गजांमधून कोपर फळीखाली घातलं. फळी हाडावर आदळली. तिने ते काढलं नाही.

“बाई, हात काढा.”

“निरोप पुन्हा सांगा.”

“सांगितला की. खलास...”

“तो शब्द नको. तो सोडून, दुसऱ्या कुठल्याही शब्दात सांगा. माझा नवरा जिवंत आहे की नाही?”