गयामावशीची चूल

माघातली संध्याकाळ आसेगावात तुराट्यांच्या धुरासोबत उतरते, आणि त्या निळसर धुरातली सर्वांत बारीक रेघ गयामावशीच्या छपरावरून निघायची. एकीपुरता स्वयंपाक तो. धूर उठतो न उठतो तोच विरून जायचा.

नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही; शाळेत मुलांची खिचडी रांधून मिळणाऱ्या तुटपुंज्या मानधनावर तिचं एकटेपण चाललेलं. दुपारी शंभर पोरांसाठी पातेलं ढवळणारे हात संध्याकाळी मूठभर तांदूळ निवडताना फार संथ होत. एकट्याचं म्हणून काही निम्म्यात भागत नाही, हे तिचं जुनं गाऱ्हाणं. "एकल्यालेही काडी अख्खीच लागते, बाप्पा," ती म्हणायची. तापाने फणफणली तरी हंडा तिनेच आणायचा, पत्रा उडाला तरी तिनेच वर चढायचं. त्या स्वरात तक्रारीपेक्षा हट्टच अधिक असे: हेही एक घर आहे.

धाकट्या भावाच्या मांडवाचं आवतन द्यायला मी गल्लीत फिरलो. दारोदारी "चूलबंद आवतन आहे" म्हणत गेलो. म्हणजे घरातल्या सगळ्यांनी जेवायला यायचं, त्या दिवशी चूल पेटवायचीच नाही. तिच्या दाराशी मात्र घाईत म्हणालो, "मावशी, तुमी या जेवाले." एकटीला कसलं आलंय चूलबंद! अक्कल गहाण टाकली होती मी, दुसरं काय.

मांडवाच्या दिवशी भर दुपारी सारी गल्ली निर्धूम होती. फक्त एका छपरावर धूर चढत होता, नेहमीपेक्षा दाट. आईने तो पाहिला आणि माझ्यावर उखडली, "तिले चूलबंद काहून नाई सांगतलं? तिच्या घरी चूल नाई का?"

मी धावत गेलो. मावशी भाकर थापत होती.

"चुकलं माह्यं, मावशी. चूलबंद आवतन आहे. चाला."

तिने तव्यावरची नजर काढली नाही. "आता पेटली, बाप्पा. पेटलेली चूल इझवून नाई येत मी."

स्वरात राग नव्हता, म्हणूनच मला फार लाज वाटली.

पुढच्या पावसाळ्यात ती गेली. भरल्या घरातलं माणूस गेलं तरी घर उरतं, काळ त्याची जागा हळूहळू बुजवत नेतो; गयामावशी गेली तेव्हा गल्लीतलं एक घरच कमी झालं. आणि ते घर मी, ती हयात असतानाच, एकदा वजा करून आलो होतो.