वरच्या खिळ्यावरची पेटी

झाकण उघडलंच आहे, तर आत हात घाला आणि मागच्या फळीवरून बोट फिरवा. खरखरीत लागतंय ना? ते कसं झालं, हे सांगायलाच मी आज तोंड उघडलंय. तोंड म्हणजे हे समोरचं गोल भोक. मी पेटी बोलतेय, बजरीगर पक्ष्यांनी अंडी घालावीत म्हणून टांगतात ती लाकडी पेटी. या पक्ष्यांना बरेच लोक लव्हबर्ड म्हणतात. ज्यांनी त्यांच्या माद्या कधी पाळल्या नाहीत, तेच म्हणत असावेत.

जन्माने मी पेटी नव्हे. एका लंबकाच्या घड्याळाचं सागवानी खोकं होते मी. माझा मालक घड्याळजी. ते घड्याळ दुरुस्तीच्या पलीकडे गेलं आणि गिऱ्हाईक काही परत आलं नाही, तेव्हा त्याने आतलं यंत्र काढलं आणि माझी पेटी केली. भोकाखाली बसायला दांडी, तळाला अंडी घरंगळू नयेत म्हणून कोरलेला खोलगट भाग, वर डोकावायला झाकण. त्याचा हात बारीक कामाचा. माझ्यात सुई जाईल एवढीसुद्धा फट ठेवली नाही त्याने. बाकीच्या दोन पेट्या फळांच्या खोक्यांच्या फळकुटांतून ठोकलेल्या. मी त्यांच्याशी फारसं बोलत नसे.

घराच्या मागच्या गॅलरीला जाळी मारून त्याने पक्ष्यांच्या तीन जोड्या ठेवल्या होत्या. आता घड्याळाच्या दुकानात एक रीत असते. सगळ्यात भारी घड्याळ सगळ्यात वर लावायचं, दारातून शिरताच नजर पडेल असं. त्या रीतीने त्याने मला टांगलं. फळकुटाच्या दोघी खाली शेजारी शेजारी, आणि मी त्यांच्याहून हातभर वर, वेगळ्या खिळ्यावर. मग चार पावलं मागे जाऊन त्याने मान तिरकी करून पाहिलं.

"आता शोभा आली," तो म्हणाला.

मादीच्या चोचीवरची नाकाची पट्टी तपकिरी झाली, की समजावं, तिला घर हवंय. तिघींची नाकं एकाच आठवड्यात तपकिरी झाली. पिवळी ती लिंबी, निळी ती निळी, आणि तिसरी, हिरवी. तिचा आवाज आणि ऐट बघून तिचं नाव घड्याळजीच्या थोरल्या बहिणीने फौजदारीण ठेवलं होतं. ही ताई त्याच घरात राहायची आणि इस्पितळात नर्स होती. नर तिघे होते, पण त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. बायका भांडायला लागल्या, की ते दांडीच्या टोकाला सरकून पिसं विंचरत बसायचे.

खालच्या पेट्यांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. उंचावरचं घर पक्ष्यांना बिनघोर वाटतं, त्यामुळे तिघींना मीच हवी. निळी पहिली येऊन माझ्या दांडीवर बसली. तिने भोकात डोकं घातलं, तेवढ्यात फौजदारीण वरून तिच्या पाठीवर कोसळली. चोचीत चोच अडकवून दोघी फडफडत जमिनीवर आपटल्या. फौजदारणीने निळीच्या पायाचं बोट धरलं, ते तुटेपर्यंत सोडलं नाही. टणक बी फोडणारी चोच ती. निळी किंचाळत जाळीवर चढली आणि तिथून रक्ताचे थेंब टपकत राहिले. दोन माझ्या दांडीवर पडले.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. बंद पडलेल्या घड्याळाचं खोकं मी. माझ्यासाठी कुणी रक्त सांडेल, असं कधी वाटलं होतं मला?

संध्याकाळी ताईने निळीच्या पायाला रक्त थांबवायची पूड लावली.

"भांड्याला भांडं लागायचंच," घड्याळजी म्हणाला. "चार दिवसांत निवळेल."

"भांड्याला भांडं लागलं तर आवाज होतो," ताई म्हणाली. "बोट नाही तुटत."

निळीने हाय खाल्ली आणि लंगडत खालची एक पेटी धरली. राहिल्या दोघी. दुसऱ्या दिवशी फौजदारणीने लिंबीच्या टाळूवरची पिसं मुठीने उपटावीत तशी उपटली. खालची गुलाबी कातडी उघडी पडली, तरी लिंबी हटेना. शेवटी घड्याळजीने फौजदारीण पकडली. तिने त्याच्या अंगठ्याचा लचका घेतला. त्याने तिला खोलीतल्या लहान पिंजऱ्यात टाकलं.

"महिनाभर कोठडी," तो म्हणाला. "डोकं थंड होईल." दुकानातलं न ऐकणारं घड्याळही तो असंच कपाटात ठेवून द्यायचा.

त्या महिन्यात लिंबी माझ्यात राहिली. चार अंडी घातली. तिचा नर दांडीवर येऊन तिला भरवायचा. महिना संपता संपता दोन अंडी फुटली आणि शेंगदाण्याएवढी दोन आंधळी पिल्लं माझ्या तळाशी वळवळायला लागली. त्यांचा चिवचिवाट म्हणजे ओल्या बोटाने काच पुसल्यासारखा आवाज. माझ्या उभ्या जन्मात मला एवढं भरलेलं कधी वाटलं नव्हतं. आत लंबक टिकटिकत होता तेव्हाही नाही.

महिना भरला त्या सकाळी घड्याळजीने फौजदारणीला गॅलरीत सोडलं. "शिक्षा भोगून झाली," असं म्हणून तो दुकानात गेला. ताई ड्यूटीवर होती. घरात कुणी नव्हतं.

फौजदारीण थेट माझ्याकडे आली. दांडीवर बसलीसुद्धा नाही, भोकातून सरळ आत. एक पिल्लू तिने मानेला धरून बाहेर फेकलं. दुसऱ्याचं डोकं तिने आतच फोडलं. लिंबी तिच्यावर तुटून पडली. लिंबी भित्री होती असं कुणी म्हणू नका. अंधारात दोघींची पिसं उडत होती, आणि प्रत्येक धक्क्याने मी खिळ्यावर हेलकावत होते. मग लिंबीचा डोळा गेला. ती पळू बघत होती, पण भोक एकच, आणि भोकात फौजदारीण उभी. लिंबी मागे वळली आणि मागची फळी कुरतडायला लागली. फळकुटाची पेटी असती तर एखादी फट सापडली असती, उजेड दिसला असता. मी सागवानी, बिनफटीची. तिची चोच माझ्या अंगात रुतत होती आणि मला दोन बोटं बाजूला सरकता येत नव्हतं. फौजदारणीने मागून तिची मान धरली. पुढे फार वेळ लागला नाही.

दुपारी ताई आली. तिने झाकण उघडलं. फौजदारीण लिंबीच्या अंगावर उभी राहून अंडी बाहेर ढकलत होती. एक फुटलं होतं, एक कोपऱ्यात शाबूत होतं. ताईने टॉवेल टाकून फौजदारीण उचलली, पिंजऱ्यात बंद केली, ते अंडं ओंजळीत धरलं आणि निळीच्या अंड्यांमध्ये नेऊन ठेवलं. मग भावाला फोन केला.

तो आला, त्याने आत पाहिलं आणि फौजदारणीला पिंजऱ्यातून काढून मुठीत धरून खिडकी उघडली.

"देतो सोडून. कावळे बघून घेतील हिचं."

"आणि त्या खिळ्याचं काय करणार?" ताईने विचारलं.

"कुठला खिळा?"

"वॉर्डात खिडकीजवळ एकच चांगली खाट असली, की भल्या घरच्या बायकासुद्धा एकमेकींच्या उशा फेकतात. मी बायकांवर ओरडत नाही, खाट हलवते. तू तीन माद्यांना मोजून तीन पेट्या दिल्यास, त्यातली एक माडीवर. वर हिला महिनाभर डांबून भरल्या घरात आणून सोडलीस. ती पक्षी आहे. तुला तरी कळायला हवं होतं."

"ती खुनी आहे, ताई."

"असेल. तिला सोडून दे, मग उद्या त्याच खिळ्यावर तीच पेटी टांग. निळी बसेल बघ तिच्या जागी."

तो खिडकीत उभा राहिला. फौजदारीण त्याचा अंगठा चावत होती, मनगटावरून रक्त ओघळत होतं. त्याने मूठ उघडली नाही. शेवटी त्याने कोपराने खिडकी लोटून बंद केली.

त्या दिवशी मी खाली उतरले. फौजदारणीला तिच्या नरासोबत वेगळा पिंजरा मिळाला, फळकुटाची पेटी मिळाली, भांडायला दुसरी कुणी नव्हती. तिने पाच पिल्लं वाढवली, एकाच्याही अंगावर ओरखडा नाही. तीच चोच होती. पुढे नव्या माद्या आणल्या, तेव्हा गॅलरीत घड्याळजीने सुतळी ताणून सगळ्या पेट्या एका रेषेत लावल्या, आणि माद्यांच्या दुप्पट लावल्या. निळीच्या निळ्या पिल्लांत एक पिवळं उठून दिसायला लागलं.

मला त्याने घासून धुतलं, उन्हात ठेवलं. डाग काही गेले नाहीत. मग मी दुकानाच्या टेबलावर आले, स्क्रू आणि काटे ठेवायला. कुणी विचारलं तर तो सांगायचा, "एक हिरवी मादी होती, फार वाईट निघाली." दोन वर्षं मी हे ऐकत होते. गप्प राहणं मला अंगवळणी पडलंय, पण ते ऐकवत नसे.

परवा एक पोस्टमन आला. त्याला पक्षी पाळायचे होते. त्याने मला उचललं, तुमच्यासारखंच आत बोट फिरवलं आणि विचारलं, "कुठल्या मादीने केलं हे?"

घड्याळजीने डोळ्याचं भिंग काढलं. "आतून जिने केलं, ती मेली," तो म्हणाला. "मारली जिने, ती घरी आहे, धडधाकट." मग त्याने भिंग टेबलावर ठेवलं. "आणि खिळा मी मारला होता."

पोस्टमनने मला त्याच्याकडे मागितलं. घड्याळजीने दिलं नाही, त्याऐवजी सुतळीचा गुंडा दिला.

तुम्हीही पक्षी आणणार असाल, तर आधी सुतळी आणा. माझ्यासारखी देखणी पेटी हौसेने वर टांगू नका. आता बोट काढा, आणि झाकण उघडंच राहू द्या. उजेड येऊ दे आत.